पोचल्याचं पत्र

पाऊस आल्याची वर्दी आमच्या घरात वेधशाळेकडून येत नाही, मोरीकडून येते. जूनमध्ये दिवसभर घामानं जीव नकोसा करून संध्याकाळी एकदाची सर कोसळते, गल्लीतलं गटार खळखळायला लागतं, सोसायटीच्या ड्रेनेजचं लोखंडी झाकण खालून कुणी हळूच ढकलावं तसं बुडबुडतं. रात्री साडेदहाच्या सुमारास दात घासायला म्हणून मी दिवा लावते, तर न्हाणीघराच्या जाळीतून दोन लांब मिशा वर आलेल्या असतात. नुसत्या मिशा. बाकीचा ऐवज अजून खाली अंधारात. त्या आधी डावीकडे वळतात, मग उजवीकडे, मग दोन्ही एकदम पुढे झुकतात. मैफिलीला उशिरा पोचलेला माणूस पडदा किंचित सारून रिकामी खुर्ची शोधतो ना, त्याच अदबीनं. मग सावकाश बाकीचं झुरळ वर येतं, जाळीच्या कडेवर थबकतं, आणि आपण कुठे आलो या विचारात पडतं.

“आलं का?” आतून हे विचारतात. आवाज इतका शांत असतो की मी न बघता सांगू शकते, हे पलंगावर दोन्ही पाय वर घेऊन बसले आहेत. बँकेत ३६ वर्षं ज्यांनी ऑडिटरांना थंड डोळ्यांनी चहा पाजला, ते आमचे हे, चार सेंटिमीटरच्या प्राण्यासमोर बालवाडीत पहिल्या दिवशी सोडलेल्या मुलासारखे होतात. “अंगावरचं झुरळ झटकावं तसं झटकून टाकलं” असं आपण किती सहज लिहितो. ज्यानं कुणी हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला, त्याच्या अंगावर झुरळ कधी बसलं नसावं. झटकणं हा त्या प्रसंगातला फार छोटा भाग असतो. त्याच्या आधी एक किंकाळी असते, आणि नंतर पंधरा मिनिटं मानेवरून हात फिरवणं असतं.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बोलताना सगळे तो विसरतात. घरातलं झुरळ वेगळं आणि बाहेरचं वेगळं. घरातलं लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळसर रेघा ओढलेलं. ते शेगडीच्या खाली, मिक्सरच्या बुडाशी, कॅलेंडरच्या मागे राहतं. त्याचा जन्म इथला, शिक्षण इथलं, रेशनकार्डावर नाव नाही एवढंच. त्याच्याशी माझं भांडण आहे आणि ते भाऊबंदकीतलं भांडण आहे. बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या हे त्यातले आमचे कोर्टकागद. बाहेरच्याची गोष्ट न्यारी. ते मोठं, जुन्या हार्मोनियमच्या पॉलिशसारखं तांबूस, गळ्याशी पिवळसर काठ असलेलं. गटार, चेंबर, झाडाची ढोली, ओल्या पाचोळ्याचा ढीग हे त्याचं गाव. आपल्या घरात त्याला काहीही नको असतं. त्याचं बीळ पाण्यानं भरलं म्हणून ते वर निघालं, एका पाइपाऐवजी दुसऱ्यात शिरलं आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर उगवलं. पहिल्या जातीचं झुरळ घरात असतं ते हक्कानं. दुसरं येतं ते चुकून. पण चप्पल दोघांवर सारखीच पडते. चपलेला वर्गीकरणशास्त्र कळत नाही.

ते चुकतं कसं, हे मला आमच्या प्लंबरनं समजावलं. न्हाणीघराच्या जाळीखाली एक वाकडं भांडं असतं, त्यात नेहमी थोडं पाणी साठून राहतं, आणि ते पाणी म्हणजेच दार. ते असेपर्यंत खालचा वास वर येत नाही आणि खालची मंडळीही सहसा येत नाहीत. घर महिनाभर बंद ठेवलं की ते पाणी आटतं, दार उघडं पडतं. म्हणून गावाला जाऊन आल्यावर बॅगा उतरवण्याआधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, असं त्यानं मला बजावलं. या भांड्याला तो ‘नाणी ट्रॅप’ म्हणत होता. मला वाटलं, नाणी अडकतात म्हणून. नंतर बिलावर पाहिलं तर ‘नहाणी ट्रॅप’. आपण न्हाणीघराचं बाथरूम केलं, घंगाळ मोडीत घातलं, बंब माळ्यावर टाकला, आणि ‘न्हाणी’ हा शब्द मात्र सगळ्यांची नजर चुकवून इंजिनिअरांच्या पुस्तकात जाऊन बसला. फरशीखाली, अंधारात, ओल्यात. शब्दांनाही जगायला कुठलीतरी फट लागते.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत झुरळांचा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी एकच गोष्ट सिद्ध होते: झुरळ कुणाचंच नसतं. तळमजल्याचं म्हणणं, वरचे लोक खरकटं पाइपात सोडतात. वरच्यांचं म्हणणं, तळमजल्यानं चेंबरवर कुंड्या मांडल्यात. ‘ए’ विंगचा संशय ‘बी’ विंगवर, ‘बी’ विंगचा शेजारच्या हॉटेलवर. एका वर्षी एका गृहस्थांनी, “आमच्याकडे जी येतात ती दिसायलाच परकी असतात,” असं गंभीरपणे मांडलं, आणि तसं इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

मला तेव्हा हसू आलं होतं, पण मोठमोठ्यांनीही याहून वेगळं काही केलेलं नाही. आमच्या मोरीतल्या या मोठ्या झुरळाचं शास्त्रीय नाव ‘पेरिप्लानेटा अमेरिकाना’. त्यातलं ‘अमेरिकाना’ लिनियसनं १७५८ साली ठेवलेलं. वास्तविक ते अमेरिकेचं नाहीच. मूळचं आफ्रिकेतलं, गुलामांच्या आणि मालाच्या जहाजांतून तिकडे गेलेलं. छोट्या घरगुती झुरळाला त्याच लिनियसनं १७६७ साली ‘जर्मन’ ठरवून टाकलं. जर्मनीतले काही लोक त्यालाच रशियन म्हणत, आणि रशियात त्याचं नाव ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियाचा. पलीकडच्या विंगमधून आलंय, हेच सगळ्यांचं म्हणणं. पुढे २०२४ साली संशोधकांनी त्याची जनुकं तपासली, तेव्हा निघालं काय, तर सुमारे २१०० वर्षांपूर्वी एका रानातल्या आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं, आणि तेही भारतात किंवा म्यानमारमध्ये. म्हणजे मुळात तेही बाहेरचंच. पाचोळ्यातून कुणाच्या तरी घरात पहिल्यांदा शिरलं आणि राहिलं, ते घर कदाचित आपल्यापैकीच कुणाचं होतं. त्या घरातली बाई त्या संध्याकाळी काय म्हणाली असेल? “शेजारणीकडून आलंय,” हेच.

शेजारणीचं नाव न घेणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे अण्णा. वाईला आमचं घर जुनं होतं, मागे परस, परसात केळी, आणि केळींच्या बुडाशी मोरीचं पाणी जायचं. पावसाळ्यात त्या वाटेनं उलटं कुणी ना कुणी वर यायचं: गोगलगाय, गोम, एकदा तर खेकडा. आणि झुरळं. आई केरसुणी घेऊन धावायची. अण्णा म्हणायचे, “थांब. चुकलंय बिचारं.” मग सावकाश उठायचे. शाळेत मास्तर होते, त्यामुळे वर्गात गोंधळ चालू असताना सावकाश उठण्याची त्यांना सवय होती. फडताळातून काचेचा पेला काढायचे, खुंटीवरच्या तारेतून एक पोस्टकार्ड ओढायचे. पेला झुरळावर उपडा घालायचा, खालून कार्ड सरकवायचं, आणि ते सगळं तीर्थाच्या भांड्यासारखं दोन्ही हातांत धरून परसात केळीपाशी नेऊन सोडायचं.

त्यांचं एक तत्त्व होतं, घाई करायची नाही. झुरळाच्या पाठीमागच्या टोकाला दोन बारीक शेपट्या असतात, त्यांवर केस असतात आणि नुसती हवा हलली तरी त्या केसांना ती कळते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. “चप्पल पोचायच्या आधी चपलेचा वारा पोचतो,” ते म्हणायचे. म्हणून ते पेला वाऱ्यालाही कळणार नाही इतका हळू आणायचे. पुढे मी वाचलं की १९९१ साली बर्कलीतल्या दोघा संशोधकांनी या मोठ्या झुरळाचा वेग मोजला. सेकंदाला दीड मीटर भरला, आणि पुरत्या वेगात असताना ते चक्क मागच्या दोन पायांवर धावतं म्हणे. ताशी साडेपाच किलोमीटर. म्हणजे पर्वतीवर सकाळी हात हलवत चालणारे आमचे ज्येष्ठ नागरिक याच गतीनं जातात. पण त्याच्या अंगाच्या मानानं पाहिलं तर माणसानं ताशी तीनशे किलोमीटरनं धावण्यासारखं आहे. अण्णा मात्र त्याला गोगलगायीच्या चालीनं पकडायचे. अपयश क्वचितच आलं.

कार्ड अर्थातच कोरं नसायचं. १५ पैशांचं कार्ड झुरळासाठी वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते. आलेलं, वाचलेलं, उत्तर दिलेलं कार्ड घ्यायचे. त्यामुळे सांगलीच्या आत्याचं बाळंतपण, मामांची बदली, कुणाच्या मुंजीचं आमंत्रण, अशी आमच्या घराण्याची बरीचशी बातमी झुरळांच्या पायांखालून परसात गेलेली आहे. आमच्याकडे कार्डांना तोटा नव्हता, त्यालाही कारण होतं. घरातून कुणीही गावाला निघालं की अण्णा त्याच्या हातात वाईचा पत्ता घातलेलं एक कार्ड द्यायचे. पोचल्याबरोबर दोन ओळी लिहून टाकायच्या. पाहुणा पुण्याला जाणार असो की पाचगणीला, सुटका नाही. पाचगणीचा पाहुणा संध्याकाळी सुखरूप पोचायचा आणि त्याचं कार्ड तीन दिवसांनी यायचं, तोवर तो दुसऱ्यांदा आमच्याकडे येऊन जेवून गेलेला असायचा. तरी अण्णा ते कार्ड चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि मगच तारेत अडकवायचे.

पहिल्या पावसानंतर आम्ही मुलं टेकडीवर करवंदांच्या जाळ्यांत भटकत असू. पाचोळा उकरला की एक देखणा किडा मिळायचा: काळाभोर, वाटोळा, पाठीवर सात पांढरे ठिपके, जणू कुणी अमावास्येला ठिपक्यांची रांगोळी काढायला बसलं आणि सात ठिपक्यांवरच उठून गेलं. आम्ही तो तळहातावर चालवायचो, काडेपेटीत घालून घरी न्यायचो, माझा मोठा की तुझा यावरून भांडायचो. एकदा अण्णांनी तो बोटावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हे झुरळ आहे.” माझ्या मैत्रिणीनं त्याच क्षणी हात असा झटकला की काडेपेटी कौलांवर गेली. किडा तोच होता, ठिपके तेच होते. दोन मिनिटांपूर्वी ती त्याला पापी देणार होती. पुढे मला कळलं की ते ठिपके म्हणजे सोंग आहे. ॲसिडाची पिचकारी मारणारा एक ठिपक्यांचा भुंगेरा असतो, त्याच्यासारखं दिसून हे झुरळ पक्ष्यांपासून जीव वाचवतं. पक्षी फसतात ते भुंगेरा समजून. आम्हीही फसलो होतो, झुरळ नाही असं समजून. मला विचाराल तर आमची फसवणूक जास्त सुंदर होती. अण्णांनी तोंड उघडायला नको होतं.

आई गेल्यावर अण्णांना आम्ही पुण्याला आणलं. वाईचं घर चार खोल्यांचं, पण प्रत्येक दाराचा चेहरा वेगळा होता: एकाला कडी, एकाला अडसर, एक पावसाळ्यात फुगणारं, एक कायम करकरणारं. इथे चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार दारं, सगळी एकाच चॉकलेटी रंगाची, सगळ्यांवर तोच गणपती. अण्णा त्या दारांकडे वर्गात नवीन आलेल्या जुळ्यांकडे पाहावं तसं पाहायचे. एका सकाळी ते खाली फिरायला गेले आणि परतताना लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावर उतरले. तिथल्या वहिनींचं दार उघडं होतं, लादी पुसणं चाललं होतं. अण्णांनी चपला नीट जोडीनं काढल्या, आत जाऊन सोफ्यावर बसले, टीपॉयवरचा पेपर उचलला आणि म्हणाले, “ताई, चहा टाक गं.”

वहिनींनी चहा टाकला. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. अण्णांनी चहा घेतला, आज आलं जरा जास्त झालंय म्हणाले, पेपरातली एक बातमी वाचून दाखवली. कप खाली ठेवताना त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता. ते काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातली आणि तशीच मांडीवर धरून बसून राहिले. वहिनी म्हणाल्या, “काका, मला वर ताईंकडे यायचंच आहे, विरजण मागायला. येता माझ्याबरोबर?” आणि त्यांच्या कोपराला अगदी नकळत हात लावून, एकेक पायरी थांबत, त्या त्यांना वर घेऊन आल्या. दारात माझ्यासमोर वाटी धरली. मी विरजण दिलं. त्यांच्या घरी दही रोज लागतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या रात्री जेवताना अण्णा बराच वेळ गप्प होते. ताकाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाले, “बाई भली आहे हो खालची. मला अगदी कार्डावर घेऊन आणून सोडलं तिनं.” आणि स्वतःच हसले. हे ‘कार्ड’ म्हणजे काय ते यांना कळलं नाही. आधारकार्ड का, असं त्यांनी विचारलं. मला भात वाढून घ्यायचा होता, म्हणून मी उठून आत गेले.

यंदाच्या जूनमधली गोष्ट. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात, फ्रीजसमोर, एक मोठं झुरळ उताणं पडलेलं. जिवंत होतं. सहाही पाय हवेत चालत होते, आणि फार शिस्तीत, न दिसणाऱ्या जमिनीवरून कुठेतरी वेळेत पोचायचं असावं तसे. बाहेर पाचोळ्यात ते उलटलं असतं तर एखादी काडी, पानाची कड, मातीचं ढेकूळ, काहीतरी पायाला लागलं असतं आणि ते सरळ झालं असतं. आमच्या वाईच्या शहाबादी फरशीवरही झालं असतं. तिला खाचा होत्या, सांधे होते. या व्हिट्रिफाइड टाइल्स आम्ही मुद्दाम निवडून घेतल्या होत्या, चार बाय दोनच्या, सांधा दिसू नये म्हणून. त्यांच्यात स्वतःचा चेहरा दिसतो. ते झुरळ स्वतःच्याच प्रतिबिंबावर पाठ टेकून पडलं होतं.

“मेलंय?” हे दारातून म्हणाले. उंबरठा नाही आमच्याकडे, पण हे तो असल्यासारखे त्याच्या अलीकडे उभे होते.

“नाही. कार्ड बघा जरा एखादं.”

यांनी पाकिटातून एक कार्ड काढून दुरूनच टेबलावर ठेवलं. पेस्ट कंट्रोलवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड होतं. नाही म्हटलं तरी ते मला प्रशस्त वाटलं नाही, आणि शिवाय पुरलंही नसतं. आता घरी पत्रं येत नाहीत. लग्नाच्या पत्रिका येतात त्या पुठ्ठ्याच्या, वर मखमल. शेवटी शिलाई मशीनच्या खणातलं रबरबँड लावलेलं बंडल काढलं. रबर हातात आल्याबरोबर तुटलं. सगळ्यात वरचं कार्ड घेतलं. अण्णांचं बारीक, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर. चि. ताईस अ. उ. आ. इकडे परवापासून पाऊस सुरू झाला. परसात पाणी आले होते, ओसरले. तू निघालीस तेव्हा घाट बंद होता असे मागाहून कळले, काळजी वाटते. पोचल्याचे लगेच कळवणे.

थोडा वेळ मी ते हातात धरून बसले. दुसरं घ्यावं असं मनात आलं, पण दुसरंही त्यांचंच असणार होतं.

कार्डाची कड पुढे केली. पायांतला एक तिला लागला, मग दुसरा, मग सगळ्यांनी ती एकदम धरली, आणि ते चटकन सरळ झालं. मला वाटलं पळेल. पळालं नाही. कार्डावर उभं राहून मिशा ओळींवरून फिरवत राहिलं. वरून मी पेला घातला, अण्णांच्या गतीनं. लिफ्टनं खाली आले. वॉचमन खुर्चीवरून धडपडून उठला आणि माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहून म्हणाला, “काय मॅडम, तब्येत बरी आहे ना?” बाहेर भुरभुर चालू होती. कुंपणालगत तगरीच्या बुडाशी पाचोळा होता, तिथे कार्ड टेकवलं. ते दोन पावलं चाललं, थांबलं, आणि पानाखाली गेलं.

वर आले तर हे गॅलरीत उभे. “सोडलंस?”

“सोडलं.”

“परत येईल ते.”

मी मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं. कार्ड थोडं भिजलं होतं, निळी शाई कडेला उतरायला लागली होती. ते टेबलावर वाळत ठेवलं आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर तो पेला, गरम पाण्यानं धुऊन, उपडा घालून ठेवला.